मिरजेच्या तंबोऱ्याऐवजी

मित्रांनो, नॉटिंगहॅममधल्या एका घरात जिन्याशेजारी कोट अडकवायच्या खुंट्या आहेत. त्यांच्या वर जे तीनकोनी लाकडी वाद्य टांगलेलं दिसतं, ती मी. मी रशियातली एक बालालायका आहे आणि आता माझं बरंच वय झालं आहे. नवीन पाहुणा आला की आधी कोट काढतो, मग वर पाहतो आणि विचारतो, हे वल्हं कुणाचं? मला राग येत नाही. लांब दांडी आणि खाली रुंद त्रिकोण पाहिल्यावर दुसरं काय सुचणार? पण मी पाण्यात कधी गेलेली नाही. मी गाण्यात गेले, आणि तेही चुकीच्या गाण्यात. तीच हकिगत तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म मॉस्कोजवळच्या एका खेड्यात झाला. मिरजेत जसे घरोघरी तंबोरे आणि सतारी बनतात, तशा त्या खेड्यात बालालायका बनत. मला प्रोखोर नावाच्या कारागिराने घडवलं. त्याने संत्र्याच्या फोडींसारख्या मेपलच्या फाका सरसाने एकमेकींना जोडल्या आणि माझी पाठ तयार केली. पुढची पातळ तबली स्प्रूसच्या लाकडाची. हे झाड थंडीत फार सावकाश वाढतं, त्यामुळे त्याच्या लाकडातल्या रेघा अगदी जवळजवळ असतात आणि आवाज त्यांतून झरझर धावतो. प्रोखोर हे सगळं काम करताना सतत बोलत असे. त्याची बायको झिनाइदा व्हार्निश लावता लावता त्याला गप्प बसवत असे, पण व्हार्निश वाळलं तरी तो गप्प बसत नसे.

त्या घराची एक रीत होती. वाद्य पुरं झालं की प्रोखोर त्यावर एक नाचाचं गाणं वाजवी. ते सुरुवातीला विहिरीवर निघालेल्या म्हातारीसारखं चाले आणि शेवटी गांधीलमाशी चावलेल्या घोड्यासारखं उधळे. झिनाइदा हातातलं काम टाकून नाचायला उठली तर वाद्य पास. ती बसून राहिली तर तबली पुन्हा उघडायची. झिनाइदाचे गुडघे दुखत असत, त्यामुळे ही परीक्षा सोपी नव्हती. माझ्या वेळी मात्र ती धावतच उठली. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की आपला जन्म उधळण्यासाठी आहे.

पण मला विकत घेतलं ते एका भूलतज्ज्ञाने.

डॉक्टर जयंत नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात लोकांना शस्त्रक्रियेपूर्वी झोपवत. १९८४च्या हिवाळ्यात ते भारतात गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे मधुमतीबाईंनी, एकच गोष्ट मागितली होती: मिरजेचा तंबोरा. बाई सांगलीच्या. लहानपणापासून गाणं शिकलेल्या. लग्नानंतर इंग्लंडला येताना त्यांनी आपला तंबोरा आणला होता, पण विमानातून उतरला तो फुटक्या भोपळ्यानिशी. तेव्हापासून बाईंचं गाणं बंद होतं. त्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकात पाहत, घरी येऊन स्वयंपाक करत आणि गात नसत. पेटीवर त्यांचं मन रमत नसे.

जयंतराव मिरजेला गेले खरे. पण कारागिराने सांगितलं, भोपळा अजून पुरता वाळला नाही, पुढच्या खेपेला या. परतीच्या वाटेवर मॉस्कोत बर्फ पडलं, पुढचं विमान चुकलं आणि त्यांना दिवसभर रिकाम्या हाताने बसावं लागलं. रिकाम्या हाताने घरी जायचं कसं, याचा विचार करत ते एका दुकानाच्या काचेसमोर उभे राहिले. काचेच्या आत मी होते.

नॉटिंगहॅमच्या दिवाणखान्यात माझं वेष्टन सोडलं, तेव्हा मधुमतीबाईंनी मला एकदा उलट, एकदा सुलट करून पाहिलं.

"अहो, मी तंबोरा सांगितला होता," त्या शेवटी म्हणाल्या. "हा समोसा आहे."

"तंतुवाद्यच आहे ना?" जयंतराव म्हणाले. "लाकूड आहे, तारा आहेत. एक तार कमी, इतकंच."

त्यांची नऊ वर्षांची मुलगी वीणा म्हणाली, "आई, वॉलवर तो खूप नाइस दिसेल." झालं, मी भिंतीवर गेले. मित्रांनो, झिनाइदाला गुडघेदुखीतून उठवणारी मी, आता कोटांना सोबत करत होते.

अशी काही महिने मी नुसतीच टांगलेली राहिले. मग एका रविवारी मधुमतीबाई धूळ पुसत होत्या आणि फडक्याबरोबर त्यांचं बोट माझ्या तारांवरून सहज फिरलं. माझ्या तीन तारा. पहिल्या दोन नायलॉनच्या, एकाच सुरात. तिसरी पोलादी, त्यांच्याहून उंच. बाई थबकल्या. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. पं, पं, सा. मला हे सूर अर्थातच दुसऱ्या नावांनी ठाऊक होते. पण पोलादी तारेला षड्ज मानलं, तर उरलेल्या दोन तारा बरोबर खालचा पंचम देत होत्या. आणि तो षड्ज बाईंच्या पट्टीचा, पांढरी सहाचा निघाला. फक्त एक सप्तक वर. म्हणजे मोठ्या माणसांच्या भजनात लहान मूल ओरडून साथ करतं तसं काहीसं.

बाईंनी फडकं कोटांच्या खुंटीवर टाकलं, मला खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून गायला बसल्या.

त्या दिवसापासून मी तंबोरा झाले. रोज संध्याकाळी पं पं सा, पं पं सा. माझ्या दांडीवर सूर बदलायला जे आडवे पडदे आहेत, त्यांना कुणी स्पर्शही करत नसे. पळायच्या घोड्याला दारात बांधून त्याच्या शेपटीने माशा वाराव्यात, तसं मला वाटे. पण बाईंचा आवाज हळूहळू मोकळा होत होता, वीणा गृहपाठ करता करता गुणगुणत होती, आणि घरात कुणीतरी माझ्या जिवावर उभं आहे हे मला कळत होतं. मग मीही तक्रार सोडली.

१९८७ सालच्या पावसाळी शरदात जिन्याच्या भिंतीवर ओलीचा डाग आला. बाई घाबरल्या. लाकडाला ओल वाईट, हे त्यांना सांगलीपासून माहीत होतं. त्यांनी विचार करून घरातली सगळ्यात कोरडी, उबदार आणि प्रेमाची जागा मला दिली. ती म्हणजे एअरिंग कपबोर्ड. इंग्लंडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीसाठी एक कपाट असतं, त्यात टॉवेल नि चादरी वाळतात. मराठी घरांत त्याचा आणखी एक उपयोग असतो. त्या देशाच्या थंडीत दही लागत नाही, म्हणून विरजणाचं भांडं तिथे ठेवतात.

तो पूर्ण हिवाळा मी दह्याशेजारी काढला. दही छान लागत गेलं, मी मात्र बिघडत गेले. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. त्या घेण्यासोडण्यात ते फुगतं आणि आकसतं. हे सावकाश झालं तर त्याला सोसतं. पण मी रोज संध्याकाळी त्या भट्टीतून गार खोलीत येत होते आणि तासाभराने परत भट्टीत जात होते. फेब्रुवारीत एका सकाळी टाकीत पाणी तापायला लागलं आणि माझी तबली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून खालपर्यंत, टक्कन उलली. दह्याच्या भांड्याने ते ऐकलं. पण ते कुणाला सांगणार?

आता खरा पेच ऐका. महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मधुमतीबाईंनी गायचं कबूल केलं होतं. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच, चारचौघांसमोर. तबला नको, पेटी नको, मी फक्त माझ्या तंबोऱ्यावर एक छोटासा भूप गाईन, असं त्यांनी मंडळाच्या चिटणीस सुहासिनीताईंना सांगितलं होतं. सुहासिनीताईंनी लगेच मंडळाची पेटी कार्डिफकरांना त्यांच्या पाडव्यासाठी देऊनही टाकली. आणि पाडव्याला तीन आठवडे उरले असताना तंबोरा फुटला. बाईंनी एकदा माझ्याशिवाय गाऊन पाहिलं आणि मध्येच थांबल्या. जयंतरावांना त्या इतकंच म्हणाल्या, की सुहासिनीताईंना फोन करून माझं नाव काढायला सांगा. आता नाव काढलं तर त्या पुन्हा कधी गाणार नाहीत, हे जयंतरावांना कळत होतं. त्यांनी फोन केला नाही.

दोन दिवसांनी त्यांच्यासमोर टेबलावर हर्नियाचा एक रुग्ण होता. पांढऱ्या मिशांचे, रशियात जन्मलेले वृद्ध गृहस्थ. भूल देताना रुग्णाचं मन गुंतवायला जयंतराव नेहमी विचारत, आपण काय करता? म्हातारा म्हणाला, "बालालायका बनवतो," आणि झोपला.

जयंतरावांच्या साऱ्या कारकिर्दीत त्यांना आपल्या कामाचा एवढा पश्चात्ताप कधी झाला नसेल. शस्त्रक्रिया संपली तरी ते पलंगापासून हलले नाहीत. म्हाताऱ्याने डोळे उघडले, तेव्हा एक डॉक्टर अगदी जवळ वाकून गंभीर आवाजात विचारत होता, "तबली मधोमध फाटली आहे. जोडता येईल का?" म्हाताऱ्याने आधी आपलं पोट चाचपलं.

त्यांचं नाव अर्काडी. बागेतल्या शेडमध्ये ते वाद्यं बनवत आणि दुरुस्त करत, आणि आठवड्यातून एकदा चर्चच्या सभागृहात सहा इंग्रज पेन्शनरांना बालालायका शिकवत. ते चालायला लागल्यावर जयंतराव आणि मधुमतीबाई मला एका गोधडीत गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेले. अर्काडींनी मला उजेडात धरलं, भेगेवरून नख फिरवलं, मग हुंगलं. हिला दह्याचा वास का येतो, असं त्यांनी विचारलं. बाईंनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. अर्काडी स्टुलावर बसले आणि बराच वेळ हात डोक्याला लावून राहिले. टाक्यांना ताण पडतोय का, हे जयंतराव काळजीने पाहत होते.

मग अर्काडींनी बाईंना वाजवायला सांगितलं. भेग असली तरी तारा शाबूत होत्या. बाईंनी मला मांडीवर उभं धरलं आणि छेडलं. पं पं सा. पं पं सा. अर्काडी मान डोलावत वाट पाहत राहिले.

"हं. आता सुरू करा," ते म्हणाले.

"सुरू झालंय," बाई म्हणाल्या.

अर्काडींचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की नाचणाऱ्या मुलीला आयुष्यभर दारात उभं करणाऱ्या माणसांसाठी मी दुरुस्ती करत नाही. हे वाद्य मला द्या, मी हिला नीट माणसांत ठेवीन. मित्रांनो, मी बाईंच्या मांडीवरून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर ते म्हातारे बोलत होते ते सगळं मला पटत होतं.

मधुमतीबाई उठल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला हिच्याकडून गाणं नकोय. गाणं माझ्याकडे आहे. मला पाय टेकवायला जमीन पाहिजे."

अर्काडींना हे कितपत कळलं कोण जाणे. पण त्यांनी फळीवरून सरसाचं भांडं खाली काढलं. शेवटी तडजोड झाली. दुरुस्ती करायची, पण कार्यक्रमात बाईंच्या आधी अर्काडी मला घेऊन एक खरं नाचाचं गाणं वाजवतील. वाद्याची अब्रू राहिली पाहिजे. हे सुहासिनीताईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी विचारलं की अथर्वशीर्ष आणि भूप यांच्या मध्ये रशियन नाच कोणत्या शीर्षकाखाली घालू? जयंतराव म्हणाले, विशेष पाहुणे.

अर्काडींनी मला गार खोलीत ओल्या कापडाच्या सोबतीने ठेवलं. माझ्या लाकडाने ओल परत प्यायली आणि भेग आपोआप मिटत आली. मग त्यांनी सरस भरला, आतून स्प्रूसच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवल्या, आणि नव्या तारा चढवल्या. ते प्रोखोरसारखेच सतत बोलत, मात्र सारं बोलणं इंग्रजांच्या विरुद्ध असे.

पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. कोपऱ्यात गुढी उभी होती, व्यायामाच्या बाकांवर सतरंज्या होत्या. अर्काडी भरतकाम केलेला सदरा घालून मंचावर आले, मला छातीशी धरलं आणि वाजवायला लागले. म्हातारी विहिरीवर निघाली. मग वेग वाढला. किती वर्षांनी माझ्या पडद्यांवर बोटं पडत होती! मुलं उठली, आज्या टाळ्या वाजवायला लागल्या, आणि गाणं संपताच मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

आता अर्काडींना ही रीत माहीत नव्हती. इंग्रज श्रोते त्यांच्यासाठी माफक टाळ्या वाजवत आणि चहाला निघून जात. जयंतरावांनी अर्थ सांगितला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी परत वाजवलं. परत वन्स मोअर. पहिल्या रांगेतून जयंतराव पोटाकडे खुणा करत होते, पण ते पाहतो कोण? तिसऱ्या वेळी घोडा उधळला आणि अगदी शेवटच्या फटकाऱ्याला माझी पोलादी तार तुटली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, गाण्याचा शेवटच तसा आहे. अर्काडींचा हात मात्र खिशाकडे गेला आणि तसाच राहिला. जादा तारा शेडमध्ये होत्या. मंचाच्या कडेला मधुमतीबाई साडीचा पदर हातात घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं होतं.

सुहासिनीताईंनी नाव पुकारलं. आता परत फिरणं शक्य नव्हतं. बाई बसल्या, मला मांडीवर घेतलं. माझ्याकडे दोनच तारा होत्या, आणि दोन्ही पंचमाच्या. पं पं. मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. नुसता एकच सूर वाजत राहिला, तर कान त्यालाच षड्ज समजायला लागतो. बाई आपला सा धरायला जात, आणि माझा पंचम त्यांना दुसरीकडे ओढून नेई. जमीनच सरकत होती, आणि सरकवत होते मी. त्यांनी सूर लावला, थांबल्या. पुन्हा लावला, पुन्हा थांबल्या. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. वीणा पहिल्या रांगेत नखं खात होती.

तेवढ्यात मंचाच्या कडेवरून एक आवाज आला. खोल, जाड, रशियन हिवाळ्यासारखा. अर्काडी. कोणता सूर हरवला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तो तोडला होता. शिक्षा झालेल्या मुलासारखे ते हात मागे बांधून उभे होते आणि तोंड मिटून षड्ज धरून होते. माझ्या सा-हून दोन सप्तकं खाली. इतक्या वर्षांत जो खर्ज मी बाईंना कधी देऊ शकले नव्हते, तो आता त्यांच्या पाठीशी आला. खाली अर्काडी, वर मी. पं पं, सा. एक अख्खा तंबोरा.

बाईंची मान किंचित वर झाली. त्याच क्षणी पहिल्या रांगेतून आणखी एक आवाज त्यात मिसळला. जयंतरावांना राहवलं नव्हतं. त्यांचा सूर षड्जही नव्हता आणि पंचमही नव्हता, तो कुठल्याच सप्तकात राहत नव्हता.

मधुमतीबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "अहो, तुम्ही नको."

सगळा हॉल हसला. बाईही हसल्या, आणि त्या हसण्याबरोबर त्यांच्या गळ्यातली भीती निघून गेली. त्यांनी षड्ज लावला तो असा लागला, की हसणारे हसता हसता गप्प झाले. अर्काडी चोरून श्वास घेत होते, लाल होत होते, पण सूर सोडत नव्हते. आणि मी? मी नुसती पंचमावर होते. उधळण्याची आठवणही मला झाली नाही.

भूप संपला. मग मागून वन्स मोअर झालं, तेव्हा अर्काडी मंचाच्या कडेवर खाली बसले आणि दोन्ही हातांनी नकार देत राहिले.

पुढे बाई मंडळात दर वर्षी गायल्या. त्यांच्यामागे माझ्याबरोबर अर्काडीही असत, आणि त्यांच्या पेन्शनरांना वर्गात एकच सूर धरून बसायची शिक्षा मिळू लागली. मी आता त्याच जिन्याशेजारी आहे. भिंतीची ओल दुरुस्त झाली, रेडिएटर माझ्यापासून लांब आहे, आणि तबलीवर एक पुसट शिवण उरली आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. ज्याच्यावर माया असेल, त्याला आपल्या समजुतीची ऊब देण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. वाद्याची एखादी तार तुटली, तर त्याला लगेच माळ्यावर टाकू नका. उरलेल्या तारांचंही काम असतं. आणि घरात कुणी गायला बसलं आणि त्याचा सूर हरवला, तर मागे उभे राहून तो धरा. फक्त आधी विचारून.